भूमिकेला नट शोभला का? ‘नटसम्राट’च्या आधारे पात्रयोजनेचा विचार



नाटकाच्या तासाला ‘नटसम्राट’चं नाव निघालं, की वर्गाचे हमखास दोन गट पडतात. एक गट म्हणतो, अप्पासाहेब बेलवलकर म्हणजे डॉ. श्रीराम लागू, दुसरं कुणी नाहीच. दुसरा गट म्हणतो, आम्ही नाना पाटेकरांचा सिनेमा बघितलाय, ढसाढसा रडलोय, आमचे अप्पा नानाच! गंमत अशी, की पहिल्या गटातल्या बऱ्याच जणांनी लागूंचं नाटक पाहिलेलं नसतं, घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं असतं. आणि दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांनी शिरवाडकरांचं नाटक वाचलेलं नसतं. हात वर करून मतदान घेतलं तर तास मजेत संपतो, पण हाती काही लागत नाही.

‘कोण श्रेष्ठ?’ हा आवडीचा प्रश्न झाला. ‘या भूमिकेसाठी या नटाची निवड योग्य होती का?’ हा अभ्यासाचा प्रश्न. आजच्या पाठात आपण हा दुसरा प्रश्न कसा सोडवायचा ते पाहू.

पात्रयोजना म्हणजे काय?

कोणती भूमिका कोणत्या नटाला द्यायची हे ठरवणं म्हणजे पात्रयोजना. आजकाल आपण सरसकट ‘कास्टिंग’ म्हणतो. इथे एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. ‘नटानं काम चांगलं केलं’ आणि ‘नटाची निवड योग्य होती’ ही दोन वेगळी विधानं आहेत. एखादा चांगला नट चुकीच्या भूमिकेत मन लावून काम करतो, टाळ्याही घेतो, पण त्या भूमिकेचा गाभा तसाच शिल्लक राहतो. उलट एखादा नट भूमिकेला अगदी योग्य असतो, पण दिग्दर्शन ढिलं पडतं आणि प्रयोग फसतो. तेव्हा परीक्षण करताना तीन गोष्टी वेगळ्या काढा: भूमिका काय मागते, नटाजवळ काय आहे, आणि प्रयोगानं किंवा चित्रपटानं त्या दोघांची गाठ कशी घातली.

यातली पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच आपण सगळ्यात जास्त वेळा विसरतो. नवरा-नवरीचा जोडा शोभतो का हे एकट्या नवरीकडे बघून सांगता येत नाही, तसंच हे आहे. भूमिका माहीत नसेल तर नट शोभला की नाही हे कसं ठरवणार?

अप्पासाहेबांची भूमिका काय मागते?

वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागृहात पहिल्यांदा रंगमंचावर आलं. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. या नाटकाला १९७४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाटकाच्या पाठीमागे शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची सावली आहे. लिअर आपलं राज्य मुलींना वाटून टाकतो, अप्पासाहेब आपल्याजवळचं सारं मुलाला आणि मुलीला देऊन टाकतात. पुढे दोघांच्याही वाट्याला उघडं आभाळ येतं. पण एक मोठा फरक आहे. लिअर खरोखरचा राजा आहे. अप्पासाहेब राजांच्या भूमिका करणारे नट आहेत. त्यांचं साम्राज्य रंगमंचापुरतं, आणि निवृत्तीनंतर तेही संपलेलं.

आता संहिता हातात घेऊन मागण्यांची यादी करू.

पहिली मागणी भाषेची. अप्पासाहेब आयुष्यभर मोठमोठ्या नाटककारांची वाक्यं बोलत आले आहेत. ऑथेल्लो, हॅम्लेट त्यांच्या अंगात मुरलेत. त्यांची स्वगतं म्हणजे काव्यच. असं लांब वाक्य पेलणारा आवाज हवा, दमसास हवा, आणि शब्दांवर प्रेम हवं.

दुसरी मागणी याच्या बरोबर उलट. हाच माणूस घरात नातीशी दंगा करणारा आजोबा आहे, बायकोला लाडानं ‘सरकार’ म्हणणारा नवरा आहे. तिथे रंगमंचाचा आवाज चालत नाही. म्हणजे नटाला एकाच माणसाचे दोन आवाज दाखवायचे आहेत, आणि एकातून दुसऱ्यात कधी शिरतो ते प्रेक्षकाला कळायला हवं.

तिसरी मागणी सगळ्यात अवघड. अप्पासाहेब दुःखातसुद्धा नट आहेत. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, ते कोसळतात. पण कोसळताना कुठेतरी आतला नट जागा असतो, आपल्याच दुःखाला तो शब्द आणि लय देत असतो. तेव्हा नटाला ‘अभिनय करणाऱ्या माणसाचा अभिनय’ करायचा आहे. यात खरी वेदना आणि तिचं सादरीकरण दोन्ही एकदम दिसायला हवं. नुसती वेदना दिसली तर तो कुणीही दुर्दैवी म्हातारा होईल. नुसतं सादरीकरण दिसलं तर तो ढोंगी वाटेल.

चौथी मागणी आपण सहसा यादीत धरतच नाही. ती म्हणजे अप्पासाहेबांची चूक. सारं देऊन टाकणं हा उदारपणा आहेच, पण त्यात नटाचा ऐटबाजपणाही आहे. पुढे मुलांच्या संसारात त्यांचं मोठ्यानं बोलणं, स्वतःच्या तालावर वागणं, घरच्या शिस्तीची पर्वा न करणं हेही संहितेत आहे. सून-मुलगी कठोर वागतात हे खरं, पण शिरवाडकरांनी त्यांना खलनायिका म्हणून लिहिलेलं नाही. त्यांनाही त्यांचं घर चालवायचं आहे.

ही चौथी मागणी नट पुरी करतो की नाही, यावर नाटकाचा अर्थ बदलतो. नटानं अप्पांना फक्त सोसणारा देवमाणूस केलं, तर प्रेक्षक ‘आजकालची मुलंच वाईट’ म्हणत घरी जातो. नटानं अप्पांचा हट्टही दाखवला, तर प्रेक्षक घरी जाऊन आपल्या म्हाताऱ्या वडिलांकडे आणि स्वतःकडेही वेगळ्या नजरेनं बघतो. पात्रयोजनेचा प्रश्न म्हणूनच नुसता नटाच्या कौतुकाचा राहत नाही. दोष कुणाला द्यायचा, हे नाटक आपल्याला काय सांगतं, तेही त्यावर ठरतं.

डॉ. लागू: कागदावर न जमणारी निवड

श्रीराम लागूंचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ चा. म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या वेळी ते ४३ वर्षांचे होते, आणि भूमिका निवृत्त म्हाताऱ्याची. व्यवसायानं ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. १९६९ मध्ये डॉक्टरी सोडून ते पूर्ण वेळ नट झाले होते. शिवाय ते नव्या रंगभूमीचे. त्याच १९७० साली त्यांनी तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ दिग्दर्शित केलं होतं, त्यात कामही केलं होतं. आणि अप्पासाहेब कोण? जुन्या, भरजरी, टाळ्याखाऊ वाक्यांच्या रंगभूमीचा माणूस! वय जुळत नाही, परंपरा जुळत नाही. नुसत्या माहितीवर निर्णय द्यायचा असता तर कुणीही म्हणालं असतं, निवड चुकली.

मग ती जमली कशी? आपल्या यादीकडे वळू.

वयाचं आधी. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसत नाहीत. त्याला दिसते पाठीची कमान, चालण्याचा वेग, हाताची थरथर. त्याला ऐकू येतो आवाज. हे सगळं चाळिशीतला नट अभ्यासानं आणू शकतो. उलट खऱ्या सत्तरीतल्या नटाला ती लांबच लांब स्वगतं, तो आक्रोश, आणि व्यावसायिक रंगभूमीवर कधीकधी एका दिवसात लागणारे दोन प्रयोग झेपणं कठीण. ‘नटसम्राट’ नटाला पिळून काढणारं नाटक आहे. म्हातारा दाखवायला तरुण दमाची गरज लागते, हा रंगभूमीचा व्यावहारिक नियम इथे लागू पडतो.

आता परंपरेचं. जुन्या पद्धतीच्या नटानं ही भूमिका केली असती तर पहिली मागणी सहज पुरी झाली असती. पण दुसरी आणि तिसरी? ज्याचा रोजचा आवाजच रंगमंचाचा आहे, तो घरातला अप्पा आणि रंगमंचावरचा नटसम्राट यांतला फरक कसा दाखवणार? लागूंचा मूळ स्वभाव संयत, विचारी अभिनयाचा. त्यामुळे घरगुती प्रसंगात अप्पा साधे, जवळचे वाटतात, आणि स्वगतात आवाज चढला की कळतं, आता आतला नट बाहेर आला. त्यांचे थांबेही बघा. वाक्य तोडून ते क्षणभर थांबतात, तेव्हा माणूस पुढचा शब्द शोधतोय की नट परिणामाची वाट बघतोय, हे आपल्याला नक्की सांगता येत नाही. तिसरी मागणी म्हणजे नेमकं हेच.

चौथ्या मागणीबाबत मात्र मला थोडी शंका आहे. लागूंच्या व्यक्तिमत्त्वात एक उपजत भारदस्तपणा होता. त्यामुळे अप्पांचा मूर्खपणासुद्धा थोर वाटू लागतो. प्रेक्षक त्यांच्यावर रागावत नाही, लगेच माफ करतो, आणि सगळा दोष मुलांच्या पदरात टाकतो. ही उणीव अभिनयाची म्हणावी की निवडीबरोबर आलेली किंमत? मला वाटतं, किंमत. प्रत्येक नट स्वतःबरोबर काहीतरी घेऊन येतो, ते बाहेर ठेवून येता येत नाही.

नाना पाटेकर: दुसरं माध्यम, दुसरे अप्पा

महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ हा चित्रपट १ जानेवारी २०१६ ला आला. नाना पाटेकरांचा जन्म १ जानेवारी १९५१ चा, म्हणजे त्याच दिवशी त्यांना ६५ वर्षं पूर्ण झाली. इथे वयाचा हिशेब उलटा होतो. चित्रपटात कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो. रंगवलेल्या सुरकुत्या आणि खऱ्या सुरकुत्या यांतला फरक लगेच दिसतो. नानांचा चेहरा, डोळ्यांखालचा थकवा, उतरती मान हे सगळं खरं आहे, आणि कॅमेऱ्याला तेच हवं असतं. नाटकात ज्या वयानं अडचण केली असती, त्याच वयानं इथे मदत केली. माध्यम कोणतं, हे विचारल्याशिवाय वयाबद्दल बोलू नये ते यासाठी.

काही जण म्हणतात, नाना सिनेमाचे, त्यांना हे नाटक कसं कळणार? हा आक्षेप टिकत नाही. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकातली त्यांची भूमिका गाजलेली आहे. रंगमंच त्यांना परका नव्हता.

पण नानांची बोलण्याची पद्धत वेगळी. ते वाक्याचे तुकडे करतात, मध्येच भडकतात, मध्येच पुटपुटतात. रोजच्या बोलण्याची ती लय आहे. चित्रपटातले अप्पाही त्या लयीला जवळचे लिहिलेले आहेत: जास्त फटकळ, जास्त रांगडे, दारूची सोबत असलेले. चौथी मागणी इथे चांगली पुरी होते. हा माणूस घरात असेल तर सुनेला त्रास होणार, हे आपल्याला पटतं. त्याच्यावर प्रेमही बसतं आणि चिडही येते. मुलीच्या घरचा अपमानाचा प्रसंग म्हणूनच अंगावर येतो, कारण दोन्ही बाजू समजत असतात.

कमी कुठे पडतं? पहिल्या मागणीत. हा माणूस चाळीस-चाळीस ओळींची भाषणं श्वासावर तोलत उभा राहिलेला, शब्दांच्या जोरावर राज्य केलेला नट होता, हे नानांच्या तुटक बोलण्यातून पुरेसं जाणवत नाही. ते जुन्या भूमिका आठवतात तेव्हा त्यातून ऑथेल्लोपेक्षा चिडलेले नानाच जास्त दिसतात. पडलेला माणूस पूर्ण दिसतो, पण तो किती उंचावरून पडला याचा अंदाज कमी येतो.

म्हणून माझं मत असं: छापील संहितेतले अप्पासाहेब धरले तर लागूंची निवड जास्त जवळची. चित्रपटासाठी नव्यानं लिहिलेले अप्पा धरले तर नानांची निवड योग्य. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण ते कोणत्या मागणीवर उभं आहे हे सांगता आलं पाहिजे.

सोबतची माणसंही मोजा

नट एकटा शोभत नाही, सगळ्यांमध्ये शोभतो. नाटकात कावेरीची भूमिका शांता जोग यांनी केली होती. कावेरीची वाक्यं अप्पांपेक्षा कितीतरी कमी, पण अप्पांना जमिनीवर आणण्याचं काम तिचं. ती खंबीर नसेल तर अप्पांचं ‘सरकार’ म्हणणं नुसता विनोद ठरतो, आणि ती गेल्यावर अप्पा का सैरभैर होतात तेही कळत नाही.

चित्रपटात विक्रम गोखल्यांनी अप्पांच्या नटमित्राची, रामची भूमिका केली. त्यांचं संथ, वजनदार बोलणं आणि नानांचं तुटक बोलणं समोरासमोर आलं, की दोघंही जास्त ठळक होतात. एवढंच नाही, तर ‘जुन्या रंगभूमीचा डौल’ ही जी मागणी नानांकडून अपुरी राहते, तिचा बराचसा भार गोखल्यांनी उचललाय. जाणता दिग्दर्शक पात्रयोजना अशी करतो, की एकाची कमी दुसऱ्यानं भरून निघावी.

फसवे निकष

परीक्षण लिहिताना पुढच्या गोष्टींनी फसू नका.

१. दिसण्यातलं साम्य. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये आलं, त्यात नाना फडणवीस झाले मोहन आगाशे. चित्रांतले नाना फडणवीस शिडशिडीत, आगाशे अंगानं भरलेले. पण त्या नाटकाला इतिहासातला नाना हुबेहूब नको होता. त्याला सत्तेची गुर्मी, विलास आणि धूर्तपणा एकाच देहात हवा होता, आणि तो देह तालावर डोलायला हवा होता. ते आगाशांनी दिलं.

२. पहिल्यानं केलं तेच खरं. अप्पासाहेब पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही साकारले. पहिल्या नटाचा ठसा मोठा असतोच. पण एका नटाबरोबर भूमिका संपली असती तर तिला अभिजात कोण म्हणालं असतं? नव्या नटात नवा अर्थ सापडणं हीच तर अभिजात भूमिकेची खूण.

३. मला रडू आलं. रडू संगीतानं येतं, प्रसंगानं येतं, घरच्या आठवणीनंही येतं. त्यात नटाचा वाटा किती ते वेगळं काढावं लागतं.

४. नटाचं खरं आयुष्य भूमिकेसारखं आहे. याचा उपयोग कधी होतो, कधी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या १९७५ च्या नाटकात फुलं विकणारी मंजू केली भक्ती बर्वे यांनी. त्या दूरदर्शनवर बातम्या वाचत, वाणी स्वच्छ, उच्चार चोख. वरवर बघता गावरान मंजूला ही निवड उलटी वाटेल. पण मंजूला नाटकभर बोली बदलत न्यायची आहे. ज्याला शुद्ध उच्चार नेमका ठाऊक, त्यालाच तो पायरीपायरीनं मोडता आणि घडवता येतो. इथे नटीचं आयुष्य मंजूसारखं नव्हतं, कसब मात्र मंजूला हवं तेच होतं.

उत्तर कसं लिहायचं?

परीक्षेत किंवा निबंधात असा प्रश्न आला तर हे दोन नमुने बघा.

कच्चं उत्तर: ‘नाना पाटेकर यांनी अप्पासाहेबांची भूमिका अप्रतिम केली आहे. त्यांचा अभिनय काळजाला भिडतो. त्यांच्याशिवाय ही भूमिका दुसरे कुणी करूच शकले नसते.’

यात एकही वाक्य असं नाही, जे दुसऱ्या कुठल्याही नटाबद्दल लिहिता येणार नाही. नाव बदला, उत्तर तसंच चालेल. म्हणजेच यात परीक्षण नाही.

पक्कं उत्तर: ‘अप्पासाहेब हट्टी असल्यामुळे मुलांशी त्यांचे खटके उडतात. नाना पाटेकरांच्या फटकळ, तुटक बोलण्यातून हा हट्ट पटतो. त्यामुळे सून आणि मुलगी केवळ दुष्ट वाटत नाहीत. मात्र मोठ्या नटाची भाषेवरची हुकमत त्याच बोलण्यामुळे कमी दिसते. चित्रपटाने घरातल्या संघर्षावर भर दिल्यामुळे ही निवड एकंदरीत योग्य ठरते.’

पाच वाक्यांत भूमिकेची मागणी आली, नटाचा गुण आला, त्याचा परिणाम आला, मर्यादा आली, आणि शेवटी निर्णय आला. हाच क्रम ठेवा.

सरावासाठी

१. तुम्ही पाहिलेल्या नाटकातली किंवा चित्रपटातली एक भूमिका निवडा. नटाचं नाव न लिहिता त्या भूमिकेच्या चार मागण्या लिहा. यादी झाल्यावरच नटाचा विचार करा.

२. ‘नटसम्राट’ची संहिता ग्रंथालयातून घेऊन मुलीच्या घरचा प्रवेश दोघांनी मोठ्यानं वाचा. एकदा अप्पा पूर्ण निर्दोष आहेत असं समजून, एकदा त्यांचाही दोष आहे असं समजून. मुलीच्या वाक्यांचा सूर दोन्ही वेळा कसा बदलतो ते वहीत नोंदवा.

३. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी अप्पासाहेब कोणाचे पाहिले? ‘छान होतं’ यावर थांबू नका. कोणता प्रसंग आठवतो, आणि त्यात नटानं नेमकं काय केलं, ते विचारा. पन्नास वर्षांनंतरही एखादा थांबा, एखादी मान वळवण्याची ढब त्यांना आठवत असेल, तर ती लिहून आणा. पुढच्या तासाला आपण ती आपल्या चार मागण्यांशी ताडून पाहू.